रात्रीची भाकरी

सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझं वय पंचविशीच्या आसपास असेल. माझं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि तेरावं सरायच्या आत संपलंही. नवऱ्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. त्याच्या कानातली भिकबाळी तेवढी आठवते. पुढं दादानं हट्टानं मला पुण्याला शिकायला ठेवलं, डोक्यावरचे केस राखू दिले आणि शिक्षण पुरं झाल्यावर आपल्याजवळ आणलं. तो गिरणीच्या हापिसात कारकून होता. घरात दादा, वहिनी, आमची आई आणि मी. आईही विधवाच, पण जुन्या चालीची. केशवपन केलेली, डोक्यावरून लाल आलवण घेणारी, आणि अंगानं इतकी वाळलेली की तिच्या हाताची हाडं पिठात उमटतील असं वाटे.

मी मात्र लठ्ठ होते. थोडीथोडकी नाही, चांगली लठ्ठ. सधवा बाई लठ्ठ असली तर लोक म्हणतात, खाऊनपिऊन सुखी आहे हो. विधवेलाही तेच म्हणतात, फक्त आवाज वेगळा असतो. करमाळ्याहून आमची आत्या आली की पहिल्यांदा मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि माझ्यासमोरच आईला म्हणायची, "वहिनी, तू बघ कशी काडी झालीस. आणि ही! हिच्याकडं बघून कुणाला वाटेल का, की हिचं काही गेलंय म्हणून?"

मी पाण्याचं निमित्त करून उठायची. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागे, आणि तेही आत्याला दिसे.

शाळेत माझ्याकडं मराठी आणि कवायत असे दोन विषय होते. बऱ्याचशा मुली विणकरांच्या घरच्या. घरी तेलुगू बोलायच्या, शाळेत मराठी. मी वर्गात शिरले की मागच्या बाजूला 'लावू, लावू' अशी कुजबूज व्हायची. मला वाटे, वेणीत फुलं लावू म्हणत असतील, नाहीतर दाराला कडी लावू. बरेच महिने मी तेच समजत होते. एकदा कवायतीत गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना हात लावून दाखवायचे होते. मी वाकले. हात गुडघ्याच्या खाली थोडा गेला आणि तिथंच राहिला. श्वास कोंडला, डोळ्यांपुढं काळं आलं, आणि मी तशीच अर्धी वाकून उभी राहिले. खालीही जाता येईना, वरही येववेना. रांगेतून आवाज आला, "लावू पंतुलम्मा!" आणि सगळं पटांगण हसलं. पंतुलम्मा म्हणजे शिकवणाऱ्या बाई, एवढं मला ठाऊक होतं.

मधल्या सुट्टीत मी एका शहाण्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "लावू म्हणजे काय गं?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "जाड, बाई."

शाळेच्या मोठ्या बाईंनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार मऊ बोलल्या. "कवायत मी दुसऱ्या बाईंकडं देते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आणि नव्या पेठेत एक डॉक्टरीणबाई आल्यात मुंबईहून. नुसत्या बाटल्या देत नाहीत, खाण्यापिण्याचं बघून सांगतात. एकदा जाऊन या."

घरी मी सांगितलं, पाय दुखतात म्हणून डॉक्टरकडं जाते. दादा म्हणाला, "वहिनीला घेऊन जा." मी म्हटलं, "नको, शाळेतनंच जाईन."

दवाखान्यात बाहेर लांब बाक होतं. त्यावर बायका बसलेल्या. बहुतेक पोटुशा, काहींच्या मांडीवर मुलं. मी पदर खाली ओढून एका टोकाला बसले. शेजारी होटगीकडची एक शेतकरीण होती, हातात चिंध्यांनी बांधलेली बाटली घेऊन बसलेली. चेहरा फार मायाळू. तिनं सरकून मला जागा दिली आणि माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "नीट टेकून बसा की. कितवा म्हैना हाय, बाई?"

मी तिच्याकडं वळले. तेव्हा तिची नजर माझ्या कपाळावर गेली, मग गळ्याकडं, मग हातांकडं. तिचा चेहरा एकदम उतरला. "अगं आई गं," ती पुटपुटली आणि तोंडाला पदर लावला. पलीकडच्या दोघी वाकून बघायला लागल्या. त्यांनी काय ऐकलं आणि त्यांना काय वाटलं ते देवाला ठाऊक, पण त्यांच्यातली एक उठून लांब जाऊन बसली.

मी उठून निघून जायला हवं होतं. पण तेवढ्यात आतून हाक आली, आणि त्या बाकावर बसण्यापेक्षा आत जाणं मला सोपं वाटलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील. चष्मा, पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यांदा पडद्यापलीकडच्या कंपाउंडरला सांगितला. त्यानं तो ऐकू आला नाही म्हणून परत विचारला. त्यांनी परत सांगितला. बाहेरच्या बाकावरची कुजबूज थांबल्यासारखी मला वाटली.

"बसा," त्या म्हणाल्या. "दिवसभरात काय खाता?"

"एकदाच जेवते," मी म्हटलं. हे सांगताना मला जरा बरं वाटलं. आत्यालाही हे कबूल होतं, की विधवेनं राहावं तशी मी एकभुक्त राहते.

"कधी?"

"सकाळी शाळेत जायच्या आधी. वरण, भात, भाकरी, भाजी."

"पोटभर?"

"हो. पुढं दिवसभर काही नसतं ना."

"आणि रात्री?"

"रात्री जेवत नाही. फराळ करते."

"फराळाला काय असतं?"

मी खाली बघितलं. कुणी मला हे कधी विचारलंच नव्हतं. "साबुदाण्याची खिचडी. नाहीतर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. बटाटा. शेंगदाण्या-गुळाचा लाडू. दूध."

"यातलं एखादं?"

"नाही. हे... बरंचसं."

"किती? वाटीभर?"

माझ्या डोळ्यांपुढं माझं संध्याकाळचं ताट आलं. शाळेतून परतल्यावर भुकेनं हातपाय थरथरत असायचे. दिवा लागला की आई ताट पुढं ठेवायची आणि मी वर न बघता खायची. वाटीभर नव्हे, ताटभर. सोमवार असो, एकादशी असो, चतुर्थी असो. उपासाच्या दिवशी तर सकाळीही तेच आणि रात्रीही तेच.

"ताटभर," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. हसतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सरळ सांगायला लागल्या, एखादी बाई शेजारणीला पदार्थ कसा करायचा ते सांगते तशा. "साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, गूळ बंद करा. उपास करायचे तर ताकावर करा, नाहीतर करू नका. सकाळी निम्मं जेवा. दुपारी शाळेत ताक, एखादं फळ, नाहीतर नुसती काकडी. रात्री ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण. दिवे लागले की लगेच. आणि शाळेला चालत जा."

"मला रात्री जेवता येत नाही," मी म्हटलं.

"का? पित्त होतं?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या घरात कांदालसूण चालत नसेल तर ती राहू दे. पण रात्रीची भाकरी ही मी औषध म्हणून सांगते आहे. घरी तसंच सांगा."

घरी मी काही सांगितलं नाही. आईपुढं उभं राहून 'मला रात्री भाकरी हवी' असं म्हणायचं, या कल्पनेनंच माझे कान तापायचे. माझे केस राखले म्हणून तिनं आधीच सगळ्या नात्यागोत्याची बोलणी खाल्ली होती. तेव्हा मी अर्धंच औषध घेतलं. त्या संध्याकाळी आईनं खिचडीचं ताट पुढं ठेवलं आणि मी ते सारून दिलं. "भूक नाही. नुसतं ताक दे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई ताट घेऊन माझ्यापुढं उभीच राहिली. "माझं काही चुकलं का?"

"नाही गं."

"मग हे कुणी खायचं?"

"तू खा."

"मी?" ती अशी म्हणाली, जसं काही मी तिला दुसऱ्याचं लुगडं नेसायला सांगितलंय. "मी कधी खाल्लंय एवढं?"

ती आत गेली. मी तशीच बसून राहिले. गेली दोन-तीन वर्षं आम्ही दोघी रोज संध्याकाळी फराळ करत होतो, आणि आई काय खाते हे मला सांगता आलं नसतं. ती मला वाढायची आणि स्वयंपाकघरात जायची. मी समजत होते, आत बसून खात असेल.

वहिनी परसात धान्य पाखडत होती. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "वहिनी, आई संध्याकाळी काय खाते?"

तिनं सूप खाली ठेवलं. "वन्सं, खरंच ठाऊक नाही तुम्हाला?"

"नाही."

"दोघींचं म्हणून करतात आणि सगळं तुमच्या ताटात घालतात. आपण कपभर दूध, त्यात निम्मं पाणी. मी एकदा म्हटलं, अहो आई, तुमच्यापुरतं तरी ठेवा. तर म्हणाल्या, 'तिला फूल देता येत नाही, कुंकू देता येत नाही, धड काठाचं लुगडं देता येत नाही. हातानं दोन घास जास्त घालते तेवढंच. ते तरी घालू दे मला.'"

वहिनीनं पुन्हा सूप उचललं. मला तिथून हलता येईना. पटांगणात मुली हसल्या, बाकावर त्या बाईनं महिना विचारला, काट्यावरचा आकडा दोनदा ओरडला गेला, या सगळ्याची लाज मला वाटली होती. पण ती लाज बाहेरून आली होती. ही आतून आली. मी जे अंगावर वागवत होते ते आईचं होतं. तिच्या तोंडचं होतं. आणि मी एकदाही मान वर करून तिच्या ताटाकडं बघितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती देवापुढं वाती वळत बसली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं, शेवटी रात्रीची भाकरीही.

"डॉक्टरीण कोणत्या जातीची?" आईनं विचारलं.

"मी विचारलं नाही."

"पाप-पुण्य काही आहे का नाही? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ताही म्हणतातच, आई." आणि मग जे मी कुणालाही सांगणार नव्हते ते तोंडातून निघून गेलं. दवाखान्यातलं बाक, ती होटगीकडची बाई, आणि तिनं मला विचारलेला प्रश्न.

आईचे हात थांबले. वात तळहातावर अर्धी वळलेली तशीच राहिली. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं नाही, चेहऱ्याकडंही नाही. मग तिनं ती वात पुरी वळली, निरांजनात ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. दादानं विचारलं तेव्हा म्हणाली, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, दादा घरी आला, वहिनीनं तवा ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "तिच्यासाठी एक भाकरी टाक. औषध आहे."

त्या दिवसापासून त्या भाकरीचं नाव औषधच पडलं. वहिनी हाक मारायची, "वन्सं, औषध घेता ना?" शेजारीण बसायला आलेली असली तरी हे बोलता यायचं. मी मधल्या खोलीत दार लोटून जेवायची. पहिल्या दिवशी भाकरीचा तुकडा मेथीच्या भाजीत बुडवून तोंडात घातला. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता, बाहेर दादाच्या चपलांचा आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की मी काहीतरी चोरून खाते आहे. मी दिवसभर राबणारी, वर्गभर मुलींना शिकवणारी बाई होते. तरी ज्वारीच्या एका भाकरीपुढं मी चोरासारखी बसले होते.

सवय झाली. शाळेला चालत जायला लागले. आधी वाटेत दोनदा थांबावं लागे, मग थांबावं लागेनासं झालं. चोळ्या सैल झाल्या, वहिनीनं त्या आत घेऊन दिल्या. पुढच्या वर्षी बाजारात भाजीवाली म्हणाली, "लई बारीक झाला की बाई तुमी! बरं न्हाय काय?" तिच्या बोलण्यानं मला इतका आनंद झाला की मी गरज नसताना आणखी मेथी घेतली.

तो आनंद फार टिकला नाही. आत्या पुन्हा आली. तिनं मला बघितलं आणि तिचा आवाज खाली गेला. आधी ती मोठ्यांदा बोलायची. आता ती आईच्या कानाशी बोलली, पण मला ऐकू येईल असंच. "वहिनी, ही आता कुणासाठी बारीक होतेय?"

हेच गल्लीतही बोललं जात होतं. ही बाई चालत कुठं जाते, रात्री जेवते म्हणे, चोळ्या नव्या शिवते. एक दिवस दादा हापिसातून आला आणि कोट न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं. "आमच्या हापिसात एकानं विचारलं," तो म्हणाला, "बहिणीसाठी कुठं स्थळ बघताय का म्हणून. हसत विचारलं त्यानं. चारजणांत."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार." तो कोटाचं बटण पिरगाळत राहिला. "तू आपली... थोडं पूर्वीसारखं खात जा."

ज्या भावानं माझे केस राखले, मला शिकवलं, त्याच्या तोंडून हे निघालं. मला राग यायला हवा होता. पण त्याची मान खाली होती, आणि ती माझ्या पायी खाली गेली होती. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी माझं वजन केलं आणि या वेळी आकडा कंपाउंडरला हळूच सांगितला. मग मी त्यांना घरचं सांगितलं. "याला माझ्याकडं काही औषध नाही हो," त्या म्हणाल्या. "असतं तर आधी मीच घेतलं असतं." त्यांच्याही हातात बांगड्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस मी शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. दादा नको म्हणाला, पण त्याच्या नको म्हणण्यात जोर नव्हता. एकटी बाई राहणं बरं दिसणार नाही म्हणून आई माझ्याबरोबर आली. येताना तिनं तिचे देव, तिची सोवळ्याची भांडी आणि एक जुनी सतरंजी आणली.

ती दिवसेंदिवस खंगत होती. एकदा पाणी काढताना तिला घेरी आली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि आईला तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. रात्री भाकरी खा. आईनं हात जोडले. "तिचं ठीक आहे, ती तरणी आहे. माझा नेम आता मोडायला लावू नका." त्यांनी आग्रह केला नाही. जाताना मला म्हणाल्या, "घरात भाकरी असू दे म्हणजे झालं."

सकाळी शाळेत जायच्या आधी मी दोन्ही वेळच्या भाकऱ्या करून ठेवायची आणि संध्याकाळची टोपलीत झाकून ठेवायची. शाळा सुटल्यावर मी एका घरी मुलींना शिकवायला जात असे आणि दिवेलागण झाल्यावर परतत असे. कधीकधी टोपलीत भाकरी कमी वाटायची. मला वाटायचं, आईनं गाईला घातली असेल.

एक दिवस शिकवणी नव्हती म्हणून मी लवकर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून आत आई दिसली. भिंतीकडं तोंड करून बसली होती, आलवणाचा पदर डोक्यावरून पुढं ओढून, जणू भिंतीनंही बघू नये. तिच्यापुढं जमिनीवर भाकरीचा चतकोर होता आणि वाटीत वरण. दात राहिले नव्हते म्हणून ती तुकडा बुडवून, दाबून, हळूहळू चघळत होती. माझा पाय उंबऱ्याला लागला असावा. तिनं दचकून त्या चतकोरावर हात ठेवला. मागं वळून बघितलं नाही. नुसता हात ठेवून तशीच बसली, आणि तिचे खांदे आक्रसले.

माझेही खांदे असेच आक्रसायचे, मधल्या खोलीत.

मी मागच्या पावली बाहेर आले. अंगणात शेजारीण हौदावर कपडे धूत होती. मी तिच्याशी मोठ्या आवाजात बोलायला लागले. पाणी कधी आलं, गिरणीत संप होणार म्हणतात ते खरं का, तिच्या सुनेला माहेराहून कधी आणणार. तिला नवल वाटलं असेल. मी अशी बोलत उभी राहणारी नव्हते. मी बोलत राहिले आणि माझं सगळं लक्ष दाराकडं होतं. ती भाकरी टाकून उठली तर, अशी भीती वाटत होती. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग भांडं घासल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, "बरंय, येते हं," खाकरले आणि दार लोटलं.

आई देवापुढं बसून जपमाळ ओढत होती. "आज लवकर आलीस," ती म्हणाली.

"हो. आत्ताच आले."

दुसऱ्या दिवसापासून मी भाकऱ्या पातळ आणि जास्त टाकायला लागले, म्हणजे तिला चघळायला सोप्या जातील. शिकवणी नसली तरी मी संध्याकाळी लवकर घरी आले नाही. तळ्याच्या बाजूला एक फेरी मारून मग यायची. आई जायच्या आधी दोन वर्षं हे असंच चाललं.